‘लांडग्याची पिल्लं दाखव, दुप्पट पैसे देतो’

ताई, नमस्कार.

मी हडपसरला राहतो, मूळचा दौंडकडचा. काही वर्षं झाली, पुण्यातल्या फोटोग्राफर लोकांना माळरानावर घेऊन जातो. सासवड, सुपे, कडबनवाडी आणि थंडीत भिगवण. स्वतःची बोलेरो आहे, हप्ते चालू आहेत. बरोबर एक मेंढपाळाचा पोरगा असतो, माळाचा कोपरान् कोपरा त्याला ठाऊक. लांडगा दिसला की त्याला पाचशे, तरस दिसलं की तीनशे, असं आमचं ठरलेलं आहे. काहीच नाही दिसलं तर चहा-नाश्ता.

त्या पोराला नुकतंच लांडग्याचं बीळ सापडलंय. आत पिल्लं आहेत. बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून ते एका जुन्या गिऱ्हाइकासमोर निघून गेलं. कोथरूडचे डॉक्टर आहेत, माझी निम्मी माणसं त्यांच्या ओळखीने येतात. ते म्हणाले, सहा जणांचा ग्रुप आणतो, पिल्लं दाखव, दुप्पट पैसे देतो. मी का-कू केलं तर हसले. ‘अरे, आपण काय गोळ्या घालणार आहोत का? फोटोच तर काढायचेत.’

इकडे आमच्यातलाच एक जण रोज संध्याकाळी पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या टाकतो आणि ‘शंभर टक्के साइटिंग’ म्हणून जाहिरात करतो. भिगवणला काही नाववाले न सांगताच थव्यात नाव घालतात, फ्लेमिंगो उडाले की पब्लिक खूश, वर टिप. मी एकट्यानेच सोवळं पाळायचं का? नाही म्हटलं तर धंदा बसेल, हो म्हटलं तर मनाला खात राहील. त्या कोंबडीवाल्याची तक्रार करावी का, हेही कळत नाही. केली तर लोक म्हणतील, जळतो.

— एक गाईड, हडपसर

•

नमस्कार.

नका नेऊ. आधी हे सांगून टाकते, कारण ग्रुप याच शनिवारी येणार असेल तर बाकीचं वाचायला तुम्हाला सवड नसेल. पिल्लांकडे कुणालाही नेऊ नका. डॉक्टरांना नाही, त्यांच्या ओळखीतल्या कुणाला नाही, आणि ‘लांबूनच बघतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

आता डॉक्टरांचा मुद्दा घेऊ, कारण तुम्हालाही तो अर्धामुर्धा पटलेला दिसतो. गोळ्या घालत नाही, मग शिकार कसली? आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. शिकारीत काय काय मोडतं याची यादी त्याच्या दुसऱ्या कलमातच दिली आहे. ठार मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं हे आलंच. पण त्याच यादीत पाठलाग करणं, हाकणं आणि आमिष दाखवणं हेही आहे, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्नसुद्धा आहे. पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं, तेही त्यातच. बंदुकीचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. म्हणजे कोंबडी टाकणारा तुमचा स्पर्धक, थव्यात नाव घालणारा नाववाला आणि लांडगा कॅमेऱ्याकडे वळावा म्हणून माळावर गाडी आडवी घालणारा कुणीही, हे सगळे त्या यादीच्या उंबरठ्याच्या आत आहेत. वकील म्हणतील की फोटोसाठी केलेलं वेगळं धरा. म्हणू देत. तो वाद कोर्टात होईल, तुमच्या खर्चाने होईल, आणि तोवर बोलेरो वनविभागाच्या आवारात उभी राहील. हप्ते मात्र थांबणार नाहीत. लांडगा या कायद्याच्या अनुसूची १मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ वर्षं कैद, जास्तीत जास्त ७, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये.

पण केवळ पकडले जाल म्हणून नेऊ नका, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही जाणता की माळ अफाट आहे आणि वनरक्षक एकटा. पकडले जाण्याची शक्यता कमीच आहे. त्या शक्यतेवरच सगळं सोडलं तर तुमचं उत्तर दर आठवड्याला बदलेल.

बिळापाशी काय होतं ते बघा. लांडगीला हिवाळ्यात पिल्लं होतात आणि पहिले दोन-अडीच महिने ती बिळाच्या आसपासच असतात. आपल्याकडे बीळ म्हणजे ओढ्याची दरड, खडकाखालची पोकळी, असलंच काहीतरी. त्या काळात सहा माणसं, तीन ट्रायपॉड आणि कुजबुज घेऊन तुम्ही शंभर पावलांवर जरी बसलात, तरी आईला ते कळतं. तुम्ही गेल्यावर ती पिल्लं हलवते. तोंडात धरून, एकेक करून, उघड्या माळावरून, जिथे गावची कुत्री मोकाट फिरत असतात आणि मधून रस्ता गेलेला असतो. डॉक्टरांच्या कार्डात फोटो असतील. पाच पिल्लांतली किती नव्या जागी पोचली, हे कुणाच्या कार्डात नसेल. देशभरात मिळून या लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार धरली जाते, म्हणजे वाघापेक्षा कमी. आणि वाघासाठी जशी राखीव जंगलं आहेत तशी यांच्यासाठी जवळपास नाहीतच. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, तेही मुख्यतः चिंकाऱ्यासाठी केलेलं. तुमचा लांडगा गायरानात, पडीक रानात, लोकांच्या बांधावर जगतो. त्याला वाचवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे त्याचं बीळ नक्की कुठे आहे हे फार थोड्यांना ठाऊक असणं.

आणि ते थोडे म्हणजे धनगर. वाड्यातलं कोकरू गेलं तरी ‘त्याचा वाटा होता’ म्हणणारी म्हातारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण तसं न म्हणणारेही आहेत, आणि बिळात धूर कोंडून पिल्लं मारणं हा काही ऐकीव किस्सा नाही. सहा जणांचा ग्रुप गेला की सहा फोन गेले, आणि फोनचं लोकेशन चालू असलं की काढलेल्या फोटोत जागेचा पत्ता आपोआप बसतो. त्यातला एक जण गावाच्या नावासकट टाकतो. पुढच्या रविवारी तिथे चार गाड्या असतात. मग ज्याची चार मेंढरं गेलीत, त्यालाही रस्ता सापडतो.

आता थोडं दूर जाते. तुमचा धंदा तुमच्याआधी बंदुकीने चालायचा. आपल्याकडे १९७०पर्यंत परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या शिकार कंपन्या होत्या, काही आपल्या नागपुरातून चालायच्या. रेडकू बांधायचं, हाकारे घालून वाघ मचाणाकडे वळवायचा, पाहुण्याने गोळी घालायची, कातडं परदेशात. पुढे वाघ मारणं थांबलं तरी सरिस्कासारख्या ठिकाणी पर्यटकांना वाघ दिसावा म्हणून रेडकू बांधायची पद्धत काही काळ चालू राहिलीच. बंदूक गेली, कॅमेरा आला, रेडकू तेच. तुमचा कोंबडीवाला म्हणजे काही नवीन डोकं नव्हे.

शिकारीला गाईड देण्याचा हा व्यवसाय नामिबिया, दक्षिण आफ्रिका या देशांत परवान्याने आजही चालतो. मला ट्रॉफीची शिकार, म्हणजे शिंगं-कातडं मिरवायला जनावर मारणं, आवडत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी पत्र लिहायला नको. पण त्या लोकांना या पेचात शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत आणि त्यांनी काही गोष्टी पक्क्या ठरवून घेतल्या आहेत. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८७मध्ये शिकाऱ्यांचा एक क्लब काढला, बून अँड क्रॉकेट नावाचा. जनावराला निसटून जायची खरी संधी हवी, नाहीतर ती शिकारच नव्हे, हा विचार त्या क्लबने लावून धरला. कुंपणात कोंडलेलं, बांधलेलं, पळू न शकणारं जनावर मारलं तर ते तिथे मोजतसुद्धा नाहीत. हे माप तुमच्या बिळाला लावा. पिल्लांना धड चालता येत नाही आणि पिल्लं सोडून आई जाऊ शकत नाही. दोघांनाही निसटायची वाट नाही. गोळ्या घालणाऱ्यांच्या नियमातसुद्धा तुमच्या डॉक्टरांची मागणी बसत नाही, एवढं त्यांना एकदा ऐकवा.

दुसरी गोष्ट पैशाची. माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी गाठ इथेच आहे, पिल्लांत नाही.

आफ्रिकेतल्या त्या शिकारीच्या बिलात दोन भाग असतात. एक दिवसाचा दर, म्हणजे गाईड, गाडी, माग काढणारा, राहणं, खाणं. दुसरा, जनावरागणिक ट्रॉफी फी. गाईड दिवसाच्या दरावर उभा असतो, म्हणून ‘ही मादी आहे, गोळी घालू नका’ असं म्हणायला त्याला घरच्या किराण्याचा विचार करावा लागत नाही. आणि गोळी लागून जनावर पळालं, सापडलं नाही, तरी गिऱ्हाइकाला पूर्ण ट्रॉफी फी भरावी लागते. हा तिथला सर्रास रिवाज आहे. त्यामुळे वेडीवाकडी गोळी घालायच्या आधी गिऱ्हाईकही दोनदा विचार करतं. जखमी जनावर सोडून दिलं तर काय होतं, हे आपल्याकडे कुमाऊँने भोगलंय. चंपावतची वाघीण १९०७मध्ये मारली तेव्हा तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले निघाले, कुणाच्या तरी जुन्या गोळीने. तिच्या नावावर ४३६ माणसं नोंदलेली आहेत. ज्याने ती गोळी घातली त्याचं नाव कुणाला माहीत नाही. तो त्या दिवशी घरी गेला असणार, जेवला असणार. निस्तरलं गावांनी.

तुमच्याकडे सगळं उलट बसलंय. तुम्ही ट्रिपचे पैसे घेता, पण मनातला सौदा ‘लांडगा दिसला तर’ असा आहे. म्हणून नाही दिसला की तुम्हाला ओशाळल्यासारखं होतं, आणि ओशाळलेला माणूस गाडी माळात घालतो. त्या पोराला तर तुम्ही सरळच जनावरागणिक पैसे देता. चहा-नाश्त्यावर त्याचा दिवस जात असेल तर तो बीळ शोधणार नाही तर काय करणार? त्याचा यात कणभरही दोष नाही. तुम्ही दर लावलात, त्याने माल आणला.

तेव्हा पहिलं काम हे करा. पोराचा दर दिवसावर आणा. लांडगा दिसो, खोकड दिसो, नुसती टिटवी दिसो, रोज ठरलेला, आणि तो पाचशेच्या वरच हवा. नाहीतर उद्या बिळाची माहिती तो तुमच्या कोंबडीवाल्याला देईल, आणि त्यात चूक ठरवायला तुमच्याकडे तोंड नसेल. त्याला समोर बसवून नीट सांगा की बिळाची जागा आपल्या दोघांतच राहील, ती सांगितल्याचे पैसे नाहीत, तुझ्या माहितीचे आहेत. त्याला हे पटायला तुमच्या डॉक्टरांपेक्षा कमी वेळ लागेल, असा माझा अंदाज आहे.

मग स्वतःचा दर. पुढच्या हंगामापासून ‘वुल्फ ट्रिप’ हे नाव काढून टाका आणि ‘माळरानाची सकाळ’ म्हणा, किंवा तुम्हाला सुचेल ते. बुकिंगच्या वेळीच दोन ओळी लिहून पाठवा. काय दिसेल याची हमी नाही, आणि गाडी कधी थांबवायची, कधी मागे फिरायचं, हे गाईड ठरवेल. पैसे घ्यायच्या आधी. नंतर सांगितलं की तो नियम राहत नाही, भांडण होतं. हमी विकायला काढली की ती पुरी करायला जनावर कुठून तरी आणावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत तर सिंह कुंपणात वाढवून ‘नक्की मिळणारी’ शिकार विकली गेली. तिथल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने २०१५मध्ये यापासून हात झटकले, २०१७मध्ये फिरून भूमिका बदलली, आणि तेव्हा काही सभासद रागाने बाहेर पडले. बंदूक खांद्यावर घेऊन फिरणारी माणसं हमीच्या धंद्याला लाजून उठून गेली, आणि इथे आपण शंभर टक्के साइटिंगचे फलक लावतोय.

आणखी एक, हे जरा कडू आहे. काही बिनसलं तर निस्तरायला तुम्हीच उरता. झिंबाब्वेमधला सेसिल नावाचा सिंह आठवतो का? २०१५च्या जुलैत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर आमिषाने आणून मारला. आधी बाणाने जखमी केला, मग कित्येक तासांनी संपवला. जगभर बोभाटा झाला. बाण मारणारं अमेरिकन गिऱ्हाईक घरी परतलं, त्याची कागदपत्रं ठीक आहेत म्हणून त्याच्यावर खटला झाला नाही. खटला झाला गाईडवर. तो पुढे २०१६मध्ये रद्द झाला, पण वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या त्यानेच झिजवल्या. इतकं लांब जायलाही नको. २०२४च्या वर्षअखेरीला आपल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे दोन्हीकडून आलेल्या जिप्सींच्या मधे अडकले, व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबन कुणाचं झालं? चालकांचं आणि गाईडांचं. ‘अजून थोडं पुढे घ्या ना’ म्हणणारे पुण्या-नागपुरातल्या आपापल्या घरी होते. तुमचे डॉक्टर वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. पण माळावर तुमच्याकडे नाव आहे, गाडीचा नंबर आहे, आणि सोमवारी तुम्हाला त्याच वाटेने परत जायचंय. त्यांना नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं? फोनवर बोलू नका, तुम्ही फोनवर विरघळाल, पत्रावरूनच कळतं. लिहून पाठवा. साधारण असं:

‘डॉक्टरसाहेब, शनिवारची ट्रिप नक्की आहे, पहाटे साडेचारला निघू. पिल्लांकडे मात्र मी नेणार नाही, आणि ती कुठे आहेत हे कुणालाच सांगणार नाही. परवा मी बोललो ते बोलायला नको होतं. लांडगा फिरताना दिसला तर लांबून दाखवेन, नाही दिसला तरी दर नेहमीचाच. दुप्पट नको. हे जमत नसेल तर आगाऊ रक्कम आजच परत करतो.’

एवढंच. वनविभागाने मनाई केलीय असं खापर त्यांच्यावर फोडू नका. डॉक्टर कुणा साहेबाला फोन लावतील आणि मग तुम्हाला दुसरी सबब शोधावी लागेल. पर्यावरणावर भाषण नको, पुणेकराला भाषण दिलं की तो उलट भाषण देतो आणि त्याचं जास्त लांब असतं. आणि एक मोह होईल, ‘पिल्लं हलवली वाटतं आईने, आता नाहीत तिथे’ असं खोटं सांगून मोकळं व्हायचा. वाद नाही, गिऱ्हाईक नाराज नाही, बीळही वाचलं. यंदा निभेल. पण पुढच्या थंडीत ते पुन्हा विचारतील, तुम्ही पुन्हा खोटं शोधाल, आणि पिल्लं दाखवणं तुमच्या तत्त्वात बसत नाही हे त्यांना कधीच कळणार नाही. ते दुसऱ्या गाईडला विचारायला मोकळे. ‘मी नेत नाही’ हे वाक्य एकदा त्यांच्यासमोर बोलायला हवं, म्हणजे ते त्यांच्या ओळखीच्या निम्म्या माणसांपर्यंतही आपसूक पोचेल.

तुटतील का डॉक्टर? तुटू शकतात. तुम्हाला खोटा दिलासा देत नाही, एखादा हंगाम हात आखडून काढावा लागेल. हप्त्याचा हिशेब त्या बेताने आजच करून ठेवा. पण तुमच्याकडे विकायला काय आहे याचा तुम्ही कधी विचार केलाय का, अशी मला शंका आहे. पुण्यातून दीड-दोन तासांवर तुम्ही माणसांना अशा जागी नेता, जिला बहुतेक जण ओसाड जमीन समजतात. तिथे थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या पक्षी येतात आणि संध्याकाळी गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. धाविक आहे, पखुर्डी आहे, चंडोलांचे कितीतरी प्रकार आहेत, सापमार गरुड आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं ओळखता येणारा माणूस शहरात कुणी सापडायचा नाही. तुमच्या पोराला ती जनावराच्या तोंडाच्या चवीसकट माहीत आहेत. माग कसा वाचायचा, कुत्र्याचा कुठला आणि लांडग्याचा कुठला, यावर तो दोन तास बोलेल आणि लोक पैसे देऊन ऐकतील. सहाशे एमएमची लेन्स घेऊन येणारे थोडे कमी होतील, पोराबाळांना घेऊन येणारे वाढतील. ते टिप कमी देतात, हे मान्य. पण बिळं मागत नाहीत.

मेलेल्या कोंबड्यांचं एक सांगायला हवं, कारण ‘कुणाचं काय नुकसान होतंय’ असं तुम्हालाही कधी वाटून जाईल. पोल्ट्रीची घाण टाकली की लांडग्याआधी कुत्री येतात. एकाच ढिगावर कुत्रा आणि लांडगा आले की कुत्र्यांचे रोग पसरायला वाट मिळते. दुसरं संकट संकराचं. पुणे जिल्ह्यातच लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३मध्ये सिद्ध झालंय. शिवाय लांडग्याला माणसाच्या वासाची आणि फुकटच्या मांसाची सांगड कळली की तो वस्तीच्या जवळ सरकतो, आणि तिथे त्याची वाट कॅमेरा बघत नसतो.

भिगवणचं थोडक्यात. नाववाल्याशी नावेत बसून वाद घालू नका, काठावर बोला. ‘थवा उडवायचा नाही, लांबवर इंजिन बंद करायचं, वल्ह्याने जायचं, आणि टिप मी आत्ताच देतो.’ टिप आधी दिली की उडवायचं कारणच उरत नाही. उजनीच्या पाण्यावर ती मंडळी पिढ्यान् पिढ्या मासे धरून जगलीत, पक्षी बसतात कुठे आणि का, हे त्यांना तुमच्या गिऱ्हाइकांहून बरं कळतं. थवा उडवायचा नाद त्यांना आपणच लावला. पोट भरायला इतक्या लांबून आलेला पक्षी दिवसातून दहा वेळा उडाला तर खायचा कधी, हा प्रश्न नाववाल्याला विचारा, तो लगेच मान हलवेल. ऐकलं नाही तर पुढच्या वेळी दुसरी नाव.

राहिली तक्रार. करा. ‘जळतो’ म्हणणारे म्हणोत. आमिष दाखवणं कायद्याच्या त्या यादीत आहे आणि तुम्हाला ते आता माहीत आहे, मग गप्प बसणं हा नुसता शेजारधर्म राहत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, आधी आपलं घर आवरा. पोराचा दर बदलला, डॉक्टरांना निरोप गेला, मगच. जनावरागणिक पैसे देणाऱ्याने आमिषाची तक्रार केली तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. दोन, ग्रुपवर नाव घेऊन चिखलफेक नको, फोटो टाकून बदनामी नको. वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाईन नंबर आहे, तिथे कळवा, आणि त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. कुठे, किती वाजता, काय टाकलं जातं, एवढंच लिहा, हेतूबद्दल काही नको. कोंबडीवाल्याशी एकदा समोरासमोर बोलायचं असेल तर अर्जाच्या आधी बोला, नंतर ती धमकी वाटते. अर्जात बिळाचा उल्लेख चुकूनही करू नका. कागद किती टेबलांवरून फिरेल, सांगता येत नाही. बिळाचं जे सांगायचं ते त्या भागाच्या वनरक्षकाला तोंडी, तोही तुमच्या विश्वासातला असेल तर.

आणि त्याच फेरीत कडबनवाडीची चौकशी करून या. इंदापूर-बारामतीकडे वनविभागाने गवताळ रानाची सफारी सुरू केलीय आणि तिथे स्थानिक तरुण गाईड म्हणून काम करतात. तुमच्या पोराचं नाव तिथे लागतंय का ते बघा. लागलं तर तो तुमच्याकडे आठवड्याला कमी दिवस येईल, तुमची थोडी अडचण होईल, ती सोसा. अर्जाची पोच मात्र घेऊन या, सही-शिक्क्यासकट.